मदत हवी आहे: अपस्केलिंगनंतर (बारीक सेल एकत्र करून मोठे केल्यावर) पाणी विहिरीत उशिरा पोहोचतंय

मंडळी, एसपीई१० चं (तेलसाठ्यांच्या सिम्युलेशनसाठीच्या प्रसिद्ध चाचणी-संचाचं) दुसरं मॉडेल चालवतोय. ६० × २२० × ८५, म्हणजे ११,२२,००० सेल. मधोमध इंजेक्टर (पाणी आत सोडणारी विहीर), चार कोपऱ्यांत उत्पादक विहिरी. रात्री लावलेला रन सकाळीही रेंगाळलेलाच, लॅपटॉपवर पोळ्या भाजता येतील! म्हणून तिन्ही दिशांना पाच-पाच सेल एकत्र करून ८,९७६ वर आणले.

वरच्या ३५ थरांत, टार्बर्ट नावाच्या खडकस्तरात, उत्तरं बऱ्यापैकी जुळतात. घोडं अडतंय खालच्या ५० थरांत. तिथल्या अप्पर नेस या खडकस्तरातल्या वाळूच्या अरुंद वाहिन्या आजूबाजूच्या घट्ट खडकात मिसळून जातात आणि पाणी फार उशिरा येतं. पर्मिएबिलिटीची (खडकातून द्रव किती सहज वाहतो त्याची) थरांना समांतर अंकगणिती सरासरी घेतली, थरांना काटकोनात हरात्मक. पण १०० आणि ०.०१ मिलिडार्सी (पर्मिएबिलिटीचं एकक) असे सारख्या जाडीचे थर घेतले तर पहिली ५० देते, दुसरी ०.०२! वाहिनी नागमोडी असेल तर खरं कुठलं धरायचं?

ब्लॉकनिहाय (एकेका मोठ्या सेलसाठी) दाबाचं समीकरण सोडवूनही पाहिलं, बाजूंनी प्रवाह बंद ठेवून. फरक थोडाच. आता शेजारचे सेलही हिशेबात घ्यावेत, की पर्मिएबिलिटी सोडून थेट ट्रान्समिसिबिलिटीच (दोन शेजारच्या सेलमधली प्रवाहक्षमता) अपस्केल करावी? विहिरींचा वेल इंडेक्स (विहीर आणि तिच्या सेलमधल्या प्रवाहाचा गुणांक) मी तसाच ठेवलाय, तिथेच तर माती खाल्ली नाही ना? कुणी स्वतः करून पाहिलंय का?