पोराच्या मॅचचा व्हिडिओ, आवाज मागे पडून राहिला

सावजीप्रेमी: राजे हो, रेशीमबागच्या ग्राउंडवर पोराची मॅच मोबाइलवर शूट केली, दीड तासाची. लॉसलेसकट या व्हिडिओ कापायच्या सॉफ्टवेअरमध्ये विकेट-चौकारांचे तुकडे काढले, शॉटकट या एडिटरमध्ये जोडले, तर शेवटी शेवटी बॅट बॉलला लागून जाते अन् टक् आवाज नंतर येतो. काहून होऊन राहिलं असं? वरून तुकडे मी कापले तिथून नाही, दोन सेकंद आधीच सुरू होतात.

धरमपेठी: भाऊ, मोबाइलचा फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं घेतो ते) एकसारखा नसतो, उजेडानुसार, प्रोसेसरवर लोड आला तसा कमीजास्त होतो, एडिटर त्याला पक्का ३० समजला की आवाज घसरतो. आधी अख्खी फाइल हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्टरमध्ये टाक, व्हिडिओ टॅबमध्ये कॉन्स्टंट (एकसारखा) फ्रेमरेट निवड, मग कापाकापी शॉटकटमध्येच कर. लॉसलेसकट रीएन्कोड करत नाही, म्हणजे व्हिडिओ नव्यानं बनवत नाही, म्हणून मागच्या कीफ्रेमपासून (पूर्ण साठवलेल्या चित्रापासून) कापतो, त्याचा दोष नाही. मूळ फाइल मात्र डिलीट करू नको, मी केली होती, बायको अजून ऐकवते.

ऑरेंजसिटी: वाऱ्याचा घरघराट असेल तर ऑडॅसिटी या आवाजाच्या एडिटरमध्ये हाय-पास फिल्टर (खालचे जाड आवाज गाळणारा) १०० हर्ट्झला लाव. आणि स्लो मोशन पाहिजे तर पुढच्या वेळी १२० फ्रेमवर शूट कर, ३० च्या टाइमलाइनवर चौपट हळू होतं, नाहीतर बॉल नुसता पांढरा पट्टा दिसतो.

सावजीप्रेमी: हँडब्रेकनं जमलं भाऊ! टक् बरोब्बर बॅटवर. पण लॅपटॉप पोळी भाजता येईल इतका तापला.