मदत हवी आहे: रोजचं शुभवर्तमान चिंतन लिहिते, शनिवारच्या दोन ओळींवर अडकलेय

वास्कोवाली (१९ जानेवारी, रात्री)

नमस्कार मंडळी. मी वास्कोत राहते, मूळची श्रीरामपूरकडची, मिस्टर पोर्टात कामाला म्हणून १४ वर्षं इथेच आहोत. आमच्या पॅरिशमध्ये (म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत) मिसा, म्हणजे चर्चमधली उपासना, कोंकणीत नाहीतर इंग्लिशमध्ये असते, मराठी घरं म्हणाल तर श्रीरामपूर, वसई, सावंतवाडी अशी सगळी धरून ४० च्या आसपास, त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा मराठी मिसा आणि बाकीचे दिवस व्हॉट्सॲप ग्रुप. गेल्या जूनमध्ये फादर म्हणाले की रोजच्या शुभवर्तमानावर तू दहा-बारा ओळींचं चिंतन टाकत जा, सहाच्या आत टाक म्हणजे वेर्ण्याला कंपनीत जाणारे बसमध्ये वाचतील. तेव्हाच त्यांनी हेही सांगितलं की याला प्रवचन म्हणायचं नाही, मिसामधलं प्रवचन फक्त धर्मगुरू किंवा डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक) देतात, तू प्रापंचिक बाई म्हणून जे वाचलंस आणि जे मनात आलं ते लिही.

सुरुवातीला मी काय करायचे, इंग्लिश ॲपवरचं चिंतन वाचायचं आणि त्याचं मराठी करायचं. रात्री भांडी आवरली की ओट्यापाशीच उभी राहून लिहायचे. महिनाभर सगळे हात जोडलेले इमोजी टाकत होते आणि मला वाटत होतं छान चाललंय. मग एका आजींनी मिसानंतर मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "पोरी, तू रोज सकाळी रागावतेस गं आम्हाला." घरी येऊन सगळे मेसेज परत वाचले. खरंच होतं ते, प्रत्येक चिंतन शेवटी "आपणही असे वागतो का? चला, आज आपण बदलू या" असंच. रोज तेच. ज्या बाईने पहाटे उठून चार डबे भरलेत तिला मी साडेसहाच्या बसमध्ये बदलायला सांगत होते.

त्यानंतर एकच चिंतन असं झालं की लोकांनी मला फोन करून सांगितलं. ३१ जुलैला मत्तय १३ मधला जाळ्याचा दाखला होता. मी चार दिवस आधी बाणावलीला बहिणीकडे गेले होते तिथे सकाळी रापण ओढताना बघितली, दोन्ही बाजूंनी माणसं दोर ओढत होती, आणि जाळं वाळूवर येईपर्यंत आत काय आहे ते कुणी बघत नव्हतं. वर आल्यावर मात्र सगळे बसले आणि निवडायला लागले, बांगडे टोपलीत, जेलीफिश आणि कचरा बाजूला. मग दाखला परत वाचला तर तिथेही तसंच, आधी काठावर ओढलं, मग *बसून* निवडलं. पाण्यात असताना निवडानिवड नाहीच. एवढंच लिहिलं, खाली उपदेश काही नाही. आमच्या ग्रुपमधला एक जण ट्रॉलरवर असतो, पावसाळी मासेमारीबंदीचा तो शेवटचा दिवस होता, रात्री बारानंतर त्याची बोट निघणार होती, त्याने बोटीवरून व्हॉइस मेसेज पाठवला की ताई, हे आमचं आहे. त्या दिवशी मला कळलं की असं लिहायला पाहिजे. पण असं रोज सुचत नाही, हा माझा पहिला प्रश्न. तुमच्यापैकी जे रोज लिहितात ते कसं करतात?

दुसरा प्रश्न जास्त मोठा आहे आणि खरं तर त्याच्यासाठीच हा धागा काढलाय. येत्या शनिवारी २४ तारखेला शुभवर्तमान मार्क ३:२०-२१ आहे. दोनच ओळी. येशू घरी येतो, इतकी गर्दी की जेवायला सवड नाही, आणि त्याच्या घरच्यांना कळतं तेव्हा ते त्याला धरून न्यायला निघतात कारण त्याला वेड लागलंय असं त्यांना वाटतं. संपलं. आमच्या ग्रुपमध्ये एक मावशी आहेत, त्यांचा मुलगा दोन वर्षांपासून मानसिक आजारावर औषधं घेतोय, मधे एकदा रात्री घरातून निघून गेला होता तेव्हा हे लोक त्याला शोधायला गेले आणि अक्षरशः धरून आणलं. ओळख पटेल म्हणून जास्त लिहीत नाही. मावशी रोज माझं चिंतन वाचतात, पहिला अंगठा त्यांचाच असतो. "वेड" हा शब्द मी त्यांच्यासमोर सहा वाजता कसा ठेवू? तीन मसुदे केले, तिन्ही पुसले. कृपया सांगा.

जुना कॅटेकिस्ट

ताई, तुमचा पहिला प्रश्न आधी घेतो कारण तो सोपा आहे. रोजच्या मिसाचं शुभवर्तमान दरवर्षी तेच येतं, दोन वर्षांचं चक्र असतं ते फक्त शुभवर्तमानाआधीच्या पहिल्या वाचनाचं, यंदा सम वर्ष म्हणून दुसरं चक्र चाललंय. रविवारचं वेगळं, तिथे तीन वर्षं, मत्तय, मार्क, लूक, आणि यंदा मत्तय. व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ ला ही रचना आली. सामान्य काळात, म्हणजे नाताळ-ईस्टरचे हंगाम सोडून उरलेल्या वर्षात, आठवड्याच्या दिवसांना पहिले नऊ आठवडे मार्क, मग एकविसाव्यापर्यंत मत्तय, मग शेवटपर्यंत लूक. म्हणजे तुमचा रापणीचा उतारा यंदाही जुलैअखेर परत येणारच. मी काय करायचो, एक जाडी वही, प्रत्येक उताऱ्याला एक पान, आणि वर्षभरात जे दिसेल ते त्या पानावर. मिठागरात मीठ ओढणारी बाई दिसली की मत्तय ५:१३ च्या पानावर दोन शब्द. पोदेर (पाववाला) सायकल टेकवून पावाची टोपली उघडतो तेव्हा जो वास येतो तो खमिराच्या दाखल्याच्या पानावर. सां जुआंवला, म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या सणाला, विहिरीत उड्या मारतात ते लूक १:४१ च्या पानावर, कारण योहानाची आई एलिझाबेथ, तिच्या पोटात बाळाने उडी मारली तिथूनच ते आलंय असं आमच्याकडे मानतात. आदल्या रात्री सुचायची वाट बघत बसलात तर उपदेशच सुचणार, कारण तो कधीही तयार असतो.

रापणीबद्दल एक गोष्ट सांगतो, तुम्हाला आवडेल. मत्तयने तिथे जो ग्रीक शब्द वापरलाय, सगेने, तो काठावर ओढायच्या लांब जाळ्याचाच आहे आणि नव्या करारात फक्त त्या एकाच ठिकाणी येतो. म्हणजे तुम्ही बाणावलीला जे बघितलं तेच तिथे आहे.

दुसऱ्या प्रश्नावर उद्या लिहितो, विचार करून.

मालवणी माणूस पणजीत

माझं मत विचाराल तर शनिवारी तो उतारा सोडा. २४ ला संत फ्रान्सिस द सेल्सचा स्मरणदिन आहे, लेखक-पत्रकारांचा आश्रयदाता संत. त्याच्यावर लिहा, लोक प्रवचनाला येत नव्हते तर हा कागदावर लिहून दाराखालून सरकवायचा असं सांगतात, तुमच्या व्हॉट्सॲपचा पूर्वजच म्हणा ना. मावशींना त्रास नको, एक दिवस शुभवर्तमानावर लिहिलं नाही तर काही बिघडत नाही.

वास्कोवाली

दादा, दाराखालून सरकवायची गोष्ट माहीत नव्हती, छान आहे, ती वापरीनच कधीतरी. पण सोडायचं मन होत नाही. मावशी रोज सकाळच्या मिसाला जातात, तिथे कोंकणीत तेच वाचणार. मग घरी येऊन माझा मेसेज उघडणार आणि मी दुसरंच काहीतरी लिहिलेलं असणार, तर त्यांना लगेच कळेल की हिने माझ्यामुळे टाळलं. ते जास्त लागेल.

पांढरा कोट

मी नर्स आहे, मनोरुग्ण वॉर्डात ९ वर्षं काढलीत, ख्रिस्ती नाही पण शाळा कॉन्व्हेंटची त्यामुळे उतारा माहितीये. मला तुमच्या मावशींसारख्या आया रोज भेटतात म्हणून लिहितेय.

दोन गोष्टी अजिबात करू नका. एक, विश्वास ठेवला की बरं होतं असं कुठेही सूचित होऊ देऊ नका, माझ्यासमोर लोकांनी प्रार्थनेला जाऊन आल्यावर गोळ्या बंद केल्यात आणि महिनाभरात पेशंट परत ॲडमिट. दोन, त्याच उताऱ्याच्या पुढच्या ओळीत शास्त्री लोक (यहुदी धर्मशास्त्राचे जाणकार) म्हणतात की याला बालजबूल, म्हणजे भुतांचा सरदार, लागलाय, त्याची आणि आजाराची सांगड चुकूनही घालू नका, आमच्याकडे पेशंट येतो तोपर्यंत निम्म्या घरांनी भूत काढणाऱ्याकडे पैसे घालवलेले असतात.

आणि शब्दाचं म्हणाल तर "वेड" हा शब्द मावशींनी तुमच्याआधी हजारदा ऐकलाय, शेजारणीकडून, दीराकडून, लग्नघरातून. त्यांना तो शब्द दिसला म्हणून त्या कोसळणार नाहीत. त्यांना त्रास कशाचा होतो ते सांगते, आपण धरून आणलं ते चूक केलं का याचा. वॉर्डात ॲडमिशनच्या रात्री आया हेच विचारतात. मुलाचं मनगट धरलेलं असतं, सोडायचं की नाही ते कळत नसतं.

जुना कॅटेकिस्ट

वरच्या ताईंनी फार मोलाचं लिहिलंय, मी त्यातच भर घालतो.

मार्कची एक पद्धत आहे, एक गोष्ट सुरू करायची, मधे दुसरी घालायची, मग पहिली पूर्ण करायची. याइराची मुलगी आणि रक्तस्राव होणारी बाई, तिथे तेच केलंय, ५:२१-४३. इथे घरचे निघतात ते २१ मध्ये, मधे शास्त्र्यांचा आरोप, आणि घरचे पोचतात ते ३१ मध्ये, तो भाग मंगळवारी २७ ला येतो. म्हणजे शनिवारच्या दोन ओळी अर्धी गोष्ट आहे. त्यावर निकाल द्यायची घाई करायला नको.

दुसरं असं की ही ओळ फक्त मार्कमध्ये आहे. मत्तय आणि लूक यांच्याकडे आजूबाजूचे प्रसंग आहेत पण ही ओळ नाही. मूळ ग्रीकमध्ये शब्दशः "त्याच्याकडचे" एवढंच आहे, त्यामुळे काही भाषांतरांत घरचे येतात तर काहींत मित्र, पण पुढे आई आणि भाऊबंद दारात येतात त्यावरून बहुतेक जण घरचेच घेतात. आता बघा, शास्त्री आणि घरचे दोघेही चुकले. पण शास्त्री यरुशलेमहून आले ते आरोप करायला, आणि घरचे आले ते हा जेवत नाहीये म्हणून. मार्कने जेवणाचं मुद्दाम सांगितलंय, ते वाया जाऊ देऊ नका.

आणि हीच माणसं प्रेषितांची कृत्ये १:१४ मध्ये परत भेटतात, माडीवरच्या खोलीत शिष्यांबरोबर प्रार्थना करत बसलेली, येशूची आई मरिया आणि त्याचे भाऊबंद. ज्यांनी धरून न्यायचा प्रयत्न केला तेच. नातं तुटलं नव्हतं.

वास्कोवाली (२२ जानेवारी)

दोन दिवस तुमचे प्रतिसाद परत परत वाचले. नर्सताई, मनगटाचं वाचून मी फोन खाली ठेवला थोडा वेळ. जेवणाचं माझ्या डोळ्यासमोर असून दिसलं नव्हतं. आई निघाली का, तर पोरगं जेवलं नाही. मावशी त्या रात्री शोधायला निघाल्या तेव्हा पिशवीत डबा घेऊन गेल्या होत्या, हे त्यांनीच मला नंतर सांगितलेलं. भात आणि माशाची कढी. तो सापडला पहाटे, तोवर कढी आंबली होती.

हा मसुदा, बघा:

"आज शुभवर्तमान दोनच ओळींचं आहे. घरात इतकी माणसं की येशूला जेवायला फुरसत नाही. ही बातमी घरी पोचते. लोक काय काय बोलत असतील ते सोबत पोचतं. घरचे घाबरतात, याचं डोकं ठिकाणावर नाही असं त्यांना वाटतं, आणि ते निघतात. त्यांना येशू कळला नव्हता. पण ते घरी बसून राहिले नाहीत. मार्क आज इथेच थांबतो, ते अजून वाटेत आहेत. मंगळवारी ते दारात पोचतील. आज आपण त्यांच्याबरोबर वाटेवर चालू या, ज्यांच्या घरातलं माणूस आज जेवलं नाही त्या सगळ्यांसाठी एक आमच्या स्वर्गीय बापा म्हणू या."

डब्याचं लिहिलं नाही, ते मावशींचं आहे. शेवटची ओळ परत उपदेश होतोय का? आणि रविवारी २५ ला देववचनाचा रविवार आहे, पोप फ्रान्सिस यांनी २०१९ ला सुरू केलेला, त्या दिवशी मराठी मिसा आहे आणि फादरांनी मला मिसानंतर पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. तिथे रापणीचं सांगू का?

पांढरा कोट

नाही होत उपदेश. प्रार्थना करायला सांगणं वेगळं आणि सुधारा सांगणं वेगळं. "डोकं ठिकाणावर नाही" ठेवा, बदलू नका. फक्त एक करा, मावशींना शनिवारच्या आधी फोन करून वाचून दाखवा. ग्रुपवर सगळ्यांबरोबर पहिल्यांदा वाचायला लावू नका.

जुना कॅटेकिस्ट

मान्य. "त्यांना येशू कळला नव्हता" इथे "अजून" घाला. आणि रविवारी रापण सांगा, पण ओढणाऱ्या माणसांपासून सुरू करा, जाळ्यापासून नको.

मालवणी माणूस पणजीत

माझं मत मागे घेतो. ताई, हेच टाका.

वास्कोवाली

"अजून" घातलं. मावशी नऊला झोपतात, आत्ता साडेआठ झालेत, फोन लावतेय.