स्थलांतरितांचा स्वयंरोजगार: हौस की नाइलाज? प्रबंधासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एम.ए.चा प्रबंध लिहितोय. परदेशातून आलेली माणसं नव्या देशात नोकरीत कशी शिरतात आणि त्यातली काही स्वतःच्या धंद्याकडे का वळतात, हा विषय. हाताशी श्रमशक्ती पाहणीचा डेटा आहे. आकडेमोड जमतेय, घोडं अडलंय ते अर्थ लावण्यात.

'स्वयंरोजगार' हा एकच रकाना आहे. पदवीला मान्यता मिळाली नाही म्हणून स्वतःची टॅक्सी चालवणारा डॉक्टर त्यातच आणि दहा माणसं कामाला ठेवणारा बांधकाम कंत्राटदारही त्यातच. या दोघांची बेरीज करून 'स्थलांतरित उद्यमशील असतात' असं लिहायला मन धजत नाही. (असे पेपर मात्र ढिगाने सापडतात.)

दुसरं म्हणजे, वास्तव्याची वर्षं वाढतात तसा स्वयंरोजगाराचा टक्का चढतो, पण माझ्या डेटात प्रत्येक माणूस एकदाच भेटतो. अर्थतज्ज्ञ बॅरी चिझिक यांनी १९७८ मध्ये अमेरिकेच्या १९७० च्या जनगणनेवरून मांडलं होतं की स्थलांतरित पुरुष कमाईत हळूहळू स्थानिकांना गाठतात. दुसरे अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांनी १९८५ मध्ये १९७० आणि १९८० च्या जनगणना शेजारी ठेवल्या, तेव्हा त्या गाठण्यातला बराच भाग म्हणजे आधी आलेल्या आणि नंतर आलेल्या तुकड्यांमधला फरक निघाला. माझ्या चढत्या रेषेचंही तसंच असेल का? शिवाय बस्तान न बसल्याने परत गेलेले लोक डेटात नाहीतच.

गाईड म्हणतात, पॅनेल डेटा (त्याच माणसांना वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा गाठून घेतलेला) शोधा. हातात एकच सत्र उरलंय. आहे त्यात काय करता येईल?

प्रतिसाद १

आधी मूळ फाइल उघडा. बहुतेक पाहण्यांत पगारी माणसं ठेवणारे आणि एकट्याने काम करणारे वेगळे नोंदतात; तुमच्याकडे ते नंतर एकत्र केलेले असावेत. कोण कोणत्या नात्याने काम करतो याच्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 'अवलंबी कंत्राटदार' हाही गट आलाय: कागदावर स्वतंत्र, पण काम नि उत्पन्नाच्या नाड्या दुसऱ्याच्या हातात.

मग 'वर्षभरापूर्वी काय करत होता' असा प्रश्न आहे का बघा. बेरोजगारीतून आलेले आणि चालती नोकरी सोडून आलेले वेगळे काढा. पाहणीच्या जुन्या फेऱ्या मिळाल्या तर आगमनाच्या वर्षानुसार तुकड्या पाडून त्यांचा माग काढता येईल. माणूस तोच नसेल, तुकडी तीच असेल. परत गेलेल्यांचं मात्र काही होणार नाही, ते मर्यादांमध्ये लिहून टाका.

धागाकर्ता

आभार! तो प्रश्न आहे फाइलमध्ये. पण वर्षभरापूर्वी 'घरकाम' लिहिलेल्या बायकांचा गट बराच मोठा दिसतोय. त्यांना कोणत्या बाजूला धरू?