मणिपूरच्या शिबिरांतल्या मुलांसाठी काम करायचंय, फोंड्यातली छोटी संस्था आहे, मदत हवी आहे

कुळागर_फोंडा:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण अर्धवट सांगून उपयोग नाही म्हणून सगळंच लिहिते. फोंडा तालुक्यात आमची एक छोटी संस्था आहे, सोसायटी म्हणून रजिस्टर केलेली, १२ए आणि ८०जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या) दोन्ही आहे. बांधकामावर आणि हॉटेलांत कामाला आलेल्या लोकांच्या मुलांचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग घेतो, शाळेत नाव घालायला मदत करतो, कधी दवाखान्यात नेतो. निवृत्त बाई, पोस्टातून रिटायर झालेले एक काका, दोन कॉलेजच्या मुली आणि मी, एवढीच माणसं, पगारी कोणी नाही.

३ मे २०२३ ला मैतेई आणि कुकी समाजांतल्या हिंसाचाराने मणिपूर पेटलं तेव्हापासून हा विषय आमच्या वर्गात येऊन बसलाय. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत, पार्लरांत, स्पामध्ये तिकडची किती माणसं काम करतात ते गोंयात कोणालाही माहीत आहे. आमच्या वर्गातल्या एका मुलीची मावशी कुकी, ती चुराचांदपूरच्या शिबिरात आहे, पदरात लहान मुलं, नवरा त्या हाणामारीत गेला. आणि कांदोळीला काम करणारा एक मैतेई मुलगा आमच्या ओळखीचा, त्याचं घर म्यानमारच्या सीमेवरच्या मोरे गावात होतं, आईबाप आणि धाकटी भावंडं आता इंफाळकडच्या शिबिरात. दोघांचं ऐकलं तर गोष्ट एकच आहे हो, फक्त पळायची दिशा उलटी. दोनशेच्या वर माणसं गेली, साधारण ६०,००० लोक घरदार सोडून निघाले, आणि ज्या मुलांनी तेव्हा पहिलीत जायचं ती शिबिरातच मोठी होतायत, हे डोक्यातून जात नाही.

आता मुद्दा. आमच्या एका हितचिंतकांचं बांदोड्याकडे मोठं जुनं घर रिकामं आहे, ते द्यायला तयार आहेत, अगदी मनापासून. म्हणतात वीस-पंचवीस मुलं आणा, इथे ठेवा, शिकवा, जेवणाखाणाचं मी बघतो. तिकडचा एक ओळखीतला माणूस म्हणतो मुलं मी पाठवतो, आईबापांच्या सह्या आणतो, कागद मागाहून करू. आमच्या कमिटीत दोन तट पडलेत. काका म्हणतात मुलांना आधी तिथून बाहेर काढा, जिवंत राहतील तर बाकीचं. बाई म्हणतात आईपासून तोडलेल्या मुलाला आपण काय शिकवणार. मला दोघांचंही पटतं आणि म्हणूनच झोप लागत नाही.

शिवाय पैशाचं. आपली गोंयकार मंडळी पोर्तुगालात, लंडनला, आखातात आहेत, त्यातले काहीजण पैसे पाठवतो म्हणतायत. घ्यायचे की नाही? आणि आम्ही एकाच बाजूच्या शिबिराला मदत केली तर दुसऱ्या बाजूचा तो कांदोळीचा मुलगा काय समजेल? कोणी अशा भागात काम केलं असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

—

बालहक्क_मडगाव:
ताई, पहिलं काम म्हणजे "कागद मागाहून करू" म्हणणाऱ्या त्या माणसाला आजच नाही म्हणून कळवा. त्याचा हेतू चांगला असेलही, पण मुलांची ने-आण करणाऱ्या दलालांची पद्धतही हीच असते, संघर्षाच्या भागातून घाबरलेल्या आईबापांकडून सह्या घ्यायच्या आणि दूरच्या राज्यात मुलं पोचवायची. मणिपूरला याचा जुना अनुभव आहे. तिथली आणि आसामची मुलं शिक्षणाच्या नावाखाली तमिळनाडूतल्या बेकायदा वसतिगृहांत सापडली होती, त्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १ सप्टेंबर २०१० ला आदेश दिला की मणिपूर आणि आसाममधून बारा वर्षांखालची किंवा प्राथमिक शाळेतली मुलं शिकायला म्हणून बाहेरच्या राज्यात पाठवू नयेत. २०१४ मध्ये केरळात पालक्काड स्टेशनवर झारखंड-बिहारकडची पाचशेच्या वर मुलं उतरवली ते आठवत असेल, तेही अनाथाश्रमांत न्यायची होती आणि बऱ्याच जणांना आईबाप होते.

कायद्याचं सांगते. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं तुम्ही राहायला ठेवलीत की ती बालसंगोपन संस्था झाली, घर कोणाचं आहे, सरकारी पैसा घेता की नाही, याला काही अर्थ नाही. बाल न्याय कायदा २०१५, कलम ४१ प्रमाणे रजिस्ट्रेशन लागतं, नसेल तर कलम ४२ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख दंड किंवा दोन्ही. मूल कुठे राहील हे ठरवायचा अधिकार त्याच्या जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीचा, तुमच्या कमिटीचा नाही आणि त्या मध्यस्थाचा तर नाहीच. वर आपल्याकडे गोवा बाल कायदा २००३ आहे तो वेगळा.

पण समजा सगळे कागद जमले तरी मी नकोच म्हणेन. शिबिरातल्या मुलाकडे आज काय उरलंय? आई, आजी, भावंडं, आपली भाषा बोलणारे शेजारी. तेवढंच. तुम्ही त्याला बांदोड्याला आणलंत तर पोटभर जेवेल पण तेवढंही जाईल. नेपाळात माओवादी लढाईच्या काळात हुमलासारख्या डोंगरी जिल्ह्यांतल्या लोकांनी पोरं बंडखोर पळवून नेतील या भीतीने पैसे देऊन काठमांडूला पाठवली, तिथे ती अनाथ म्हणून दाखवली गेली, लढाई संपल्यावर त्यांचे आईबाप शोधायला संस्थांची वर्षं गेली. लहानपणी गेलेल्या काही मुलांना तर आईशी बोलायला भाषाच राहिली नव्हती.

त्या मावशीला महिन्याचा खर्च थेट मिळेल असं बघा. विधवा आईच्या किंवा नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलांना मिशन वात्सल्य या सरकारी योजनेत महिना ४,००० रुपये प्रायोजकत्व मिळू शकतं, अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे. घरातून पळताना कागद जळाले असतात, मृत्यूचा दाखला नसतो, तिथे अडतं. तो दाखला मिळवून द्यायला स्थानिक वकील किंवा पॅरालीगल धरला आणि त्याची फी तुम्ही दिलीत तर एकेका घराची सोय होईल.

—

दोडामार्गकर:
माफ करा, थोडं वेगळं मत आहे. प्रत्येक वेळी "मुलं हलवू नका" म्हणणं सोपं आहे, गोळीबार चालू असतो तेव्हा काय करायचं? पुण्याच्या सरहद संस्थेने काश्मीरची मुलं आणून शिकवलीच ना, त्यातली कितीतरी आज आपल्या पायावर उभी आहेत. आपण मराठी माणसांनी दार उघडायचं नाही तर कोणी? त्या घरमालकांची तळमळ मला समजते.

—

बालहक्क_मडगाव:
दादा, सरहदच्या कामाबद्दल मलाही आदर आहे. पण आपल्याच माणसाचं दुसरं उदाहरण घ्या. अधिक कदमांच्या बॉर्डरलेस वर्ल्ड फाउंडेशनने काश्मीरमधल्या मुलींसाठी घर काढलं ते २००२ मध्ये कुपवाड्यातच. मुलींना पुण्याला आणण्यापेक्षा माणूस तिकडे जाऊन राहिला, स्थानिकांचा संशय सोसला, तिथली भाषा, तिथलं जेवण, सुट्टीला आपल्या गावी जाता येईल असं. हे जास्त कठीण आहे आणि म्हणूनच कमी लोक करतात. जीव वाचवायला तातडीने हलवावं लागलं तर हलवायचंच, पण कुटुंबासकट, आणि जवळच्या सुरक्षित ठिकाणी. तीन हजार किलोमीटरवर एकटं मूल पाठवायची गोष्ट निराळी.

—

खातेवही:
पैशाचं मी सांगतो, संस्थांचे हिशोब बघतो. गोव्यात हा घोळ नेहमी होतो म्हणून नीट वाचा. आखातातला गोंयकार भारतीय पासपोर्टवर असेल आणि आपल्या बचतीतून बँकेमार्फत पैसे देत असेल तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. पण ज्याने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला तो कायद्याने परदेशी नागरिक, मग तो तुमच्या वाड्यावरचा असो, तुमच्या देवळाचा महाजन असो, ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीय परदेशी नागरिकांना मिळतं ते) असो, त्याचा एक रुपयासुद्धा एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) खालच्या रजिस्ट्रेशन किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. नुसतं आडनाव बघून पावती फाडू नका, पासपोर्ट कुठला ते लेखी घ्या.

ते रजिस्ट्रेशन तुम्हाला लगेच मिळेल असं नाही, संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख खर्च झालेला हवा. मिळालं तरी २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दुसऱ्या कुठल्याही संस्थेला पुढे देता येत नाही, म्हणजे इथे घेऊन चुराचांदपूरच्या संस्थेला पाठवू हे विसरा. देशी पैशाला ही आडकाठी नाही. तुमच्या घटनेत फक्त "गोवा राज्यात" असं कार्यक्षेत्र लिहिलेलं असेल तर आधी ठराव करून ते बदलून घ्या. आणि तिकडच्या संस्थेचं रजिस्ट्रेशन, मागचे ऑडिट बघून एक साधा करार करा, कशासाठी किती, पावत्या कधी. रोख काही नको, ८०जी मध्ये २,००० च्या वर रोखीला सूट मिळतच नाही.

—

ईशान्यवारी:
मी दोन्हीकडच्या शिबिरांत एका मोठ्या संस्थेबरोबर काम केलंय, म्हणून तुमचा शेवटचा प्रश्न घेतो. ताई, दोन्ही बाजूंना काम करा पण एकाच टीमने होणार नाही. मैतेई कार्यकर्ता चुराचांदपूरला जाऊ शकत नाही, कुकी इंफाळला उतरू शकत नाही, मध्ये बफर झोन आणि नाके. कुकी लोक विमान पकडायला डोंगरातून थेट ऐझॉलला जातात, मिझोरामातून. मणिपूर आणि मिझोराम दोन्हींना आपल्याला इनर लाइन परमिट (बाहेरच्या माणसाला राज्यात शिरायचा परवाना) लागतं. म्हणून दोन स्थानिक गट, दोन जबाबदार माणसं, आणि दोघांनाही पहिल्या दिवशीच सांगायचं की आम्ही पलीकडेही तेवढंच देतो. लपवून ठेवलंत आणि मागून कळलं तर दोन्हीकडची दारं बंद. उघड सांगितलं तर सुरुवातीला तोंडं वाकडी होतात, पण पलीकडेही आया तशाच बसल्यात हे आईला सांगावं लागत नाही.

मुलांचं सांगतो. गोव्याहून पोरंपोरी पाठवून आठवडाभराचं शिबिर, खेळ, गाणी, फोटो, हे करू नका. मुलं जीव लावतात आणि आठव्या दिवशी तुम्ही निघून जाता, परत एक माणूस गेलं. त्यापेक्षा शिबिरातच राहणारी शिकलेली ताई असते, तिला मानधन द्या, तीच रोज ठरलेल्या वेळी वर्ग घेईल. रोज तीच वेळ, तीच जागा, तोच चेहरा, त्या मुलांना याचं मोल फार आहे. थाडौ, पैते, मैतेईलोन या तिकडच्या भाषांतलं आपल्याला काही येत नाही, तिला येतं. आणि कृपा करून कोणी मुलांना "काय झालं ते सांग", "तुझं घर काढून दाखव" म्हणायला लावू नये, जखम उघडते आणि बंद करायला आपण तिथे नसतो. मूल आपणहून बोललं तर ऐकायचं, बोलायला लावायचं नाही. रात्री दचकणं, अंथरूण ओलं करणं, एकदम गप्प होणं हे बरेच दिवस चाललं तर तज्ज्ञ हवा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे.

शिबिरात एका हॉलमध्ये चादरी लावून दहा कुटुंबं झोपतात, न्हाणीघरं लांब, रात्री दिवा नाही. मुलींसाठी सगळ्यात मोठी भीती तिथे. दिवे आणि आतून कडी लागणारी दारं यावर पैसे खर्च केलेत तर पुस्तकांपेक्षा आधी उपयोग होईल. तुमच्या प्रत्येक माणसाची, स्वयंसेवकाची सुद्धा, पोलीस पडताळणी करा आणि मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत नको हा नियम लेखी ठेवा. लैंगिक अत्याचाराचं काही कानावर आलं तर पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, "संस्थेचं नाव जाईल" म्हणून दाबता येत नाही. मुलांचे चेहरे फेसबुकवर टाकायचे नाहीत, देणगीदार कितीही मागोत.

—

कुळागर_फोंडा:
सगळ्यांचे मनापासून आभार. त्या मध्यस्थाला काल नाही म्हणून कळवलं. रविवारी कमिटी बसली, तुमचं सगळं वाचून दाखवलं, काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की मुलांना बाहेर काढायचं तर आईसकट काढू, नाहीतर तिथेच पोचू. मला ते पटलं. पासपोर्टचं तर आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, लिस्बनच्या दोघांना थांबायला सांगितलंय.

एक नवीन गोष्ट आहे. ती मावशी मुलांना घेऊन स्वतःच इथे बहिणीकडे यायचं म्हणतेय. मग तर हरकत नाही ना? पण शाळेचा दाखला नाही, जन्माचा दाखला नाही, थोरला दहाचा आहे आणि मध्ये त्याची शाळाच सुटली होती.

—

म्हापशाचा_मास्तर:
आई बरोबर येतेय तर काहीच अडचण नाही, तिचा हक्क आहे. शाळेचं मी सांगतो. शिक्षण हक्क कायदा २००९, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही. कलम ४ प्रमाणे दहा वर्षांच्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गातच बसवायचं आणि मागचं भरून काढायला वेगळं शिकवायचं. कुठल्याही हेडमास्तरांनी "कागद आणा मग बघू" म्हटलं तर हे नम्रपणे पुढे ठेवा, ऐकलं नाही तर भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी द्या. मराठी किंवा कोंकणी माध्यमात एकदम घालू नका, तिकडे इंग्रजीत शिकला असेल तर तेच चालू ठेवा, आणि पहिले महिने त्याच्याकडून परीक्षेची अपेक्षा नको. वर्गशिक्षकांना आधी भेटून एवढंच सांगा की फटाके वाजले की या मुलाला बाहेर जाऊ द्या. गणेश चवथीला आपल्याकडे किती वाजवतात ते माहीत आहे.

—

कुळागर_फोंडा:
मास्तर, फटाक्यांचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, देव बरें करूं. पुढच्या महिन्यात येतील असं दिसतंय. बांदोड्याच्या घरमालकांशी मी बोलले, मुलांचं वसतिगृह नाही, पण अशी आईसकट येणारी दोन-तीन कुटुंबं आली तर भाडेकराराने खोल्या द्याल का म्हणून विचारलं, ते विचार करतो म्हणालेत. अशा कराराचा नमुना कोणाकडे असेल तर द्या. आणि फोंडा, म्हापसा किंवा मडगाव भागात थाडौ किंवा मैतेईलोन बोलणारं कोणी ओळखीचं असेल, दुपारी दोन तास मुलांबरोबर बसू शकेल असं, तर कळवा, मानधन देऊ. दोन्ही भाषांचं एकेक माणूस हवं आहे.