लेखनात एम.ए. करणं म्हणजे बापाच्या पैशावर कवी होणं?

दुसरं_रेल्वे_गेट
परवा इथं 'मिरचीभजी' यांनी लिहिलं: "क्रिएटिव्ह रायटिंगमध्ये एम.ए. म्हणजे बापाच्या पैशावर कवी होणं. लेखक जन्मावा लागतो, वर्गात बसून होत नाही." खाली लाइकचा पाऊस. दोन दिवस गप्प बसलो. आज सुट्टी आहे, म्हणून सविस्तर.

गाण्याला गुरू लागतो हे बेळगावात कुणाला सांगावं लागत नाही. आपल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व लहानपणीच मैफली गाजवत होते, जन्मजातच म्हणा. तरी मुंबईला देवधर मास्तरांकडं शिकायला गेलेच ना? मग लिहिणाऱ्यानंच काय पाप केलंय?

तिकडं 'असं लिहा, तसं लिहा' असं फळ्यावर लिहून देत असतील, असा तुमचा समज दिसतो. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात १९३६ पासून लेखनाचा वर्ग चालतो. दहा-बारा जण बसतात, सगळ्यांनी तुमची कथा आधी वाचून आणलेली असते, आणि त्यांचं बोलून होईपर्यंत तुम्ही तोंड मिटून ऐकायचं, अशी तिथली जुनी रीत. 'मला तसं म्हणायचं नव्हतं' म्हणायची सोय नाही. कागदावर आलं तेवढंच तुमचं. इंग्लंडात ईस्ट अँग्लिया विद्यापीठात १९७० ला एम.ए. सुरू झालं. कादंबरीकार काझुओ इशिगुरो तिथनंच १९८० ला बाहेर पडले, २०१७ ला नोबेल. तेही बापाच्या पैशावर का?

मिरचीभजी
आलं इशिगुरो! या वादात त्यांना आणलं नाही असा माणूस मला अजून भेटायचाय. त्यांच्या मागनं-पुढनं त्या वर्गातनं जे शेकड्यांनी बाहेर पडले, त्यांची नावं सांगा की.

आमच्या पाहुण्यांतला एक मुलगा गेला होता असाच परदेशी, लेखन शिकायला. खानापूरकडची दीड एकर गेली. एक वर्षाचा कोर्स. परत आला तो पुण्यात एका कंपनीत मोबाइलच्या जाहिराती लिहितो. कादंबरी कुठंय विचारलं तर म्हणतो, "मामा, ड्राफ्ट सुरू आहे." सहा वर्षं झाली. दीड एकरात त्यानं काजू लावला असता तर आत्तापर्यंत फळ धरलं असतं.

आणि निपाणीचे महादेव मोरे विसरलात? पिठाची गिरणी चालवत लिहिलं. तंबाखूतल्या बायका, गॅरेजमधली पोरं, सगळी माणसं डोळ्यांदेखतची. कुठल्या वर्गात शिकले?

शहापूरची_माहेरवाशीण
मोरे मोठेच. पण त्यांनी गिरणी चालवत लिहिलं ते गिरणी *असूनही*. तुम्ही असं सांगताय जणू पीठ दळलं की कथा पडते. माझ्या सासऱ्यांची चाळीस वर्षं गिरणी होती, उधारीच्या वहीपलीकडं एक ओळ लिहिली नाही त्यांनी.

आणि प्रकाश नारायण संतांचंही नाव कुणीतरी काढेल म्हणून आधीच सांगते. कऱ्हाडला भूगर्भशास्त्र शिकवायचे, लेखनाची पदवी नाही, कबूल. पण घरात आई इंदिरा संत! वडीलही लिहिणारे. त्यांचं एम.ए. स्वयंपाकघरातच झालं म्हणायचं. आमच्या घरात पुस्तक म्हणजे पंचांग. आम्ही कुणाला वाचून दाखवायचं?

माझं सांगते. मराठीत एम.ए. करताना (कुठं ते विचारू नका) एक कथा लिहिली होती. पहिलंच वाक्य: "काय करुलालास गा, म्हणत आज्जी दारात आली." सरांनी 'करुलालास'ला लाल गोल काढला, समासात लिहिलं, 'अशुद्ध. कानडी वळण टाळा.' 'गा' तर सरळ खोडलाच. ती वही माझ्याकडं अजून आहे. पुढं पंधरा वर्षं मी काही लिहिलं नाही.

कोथरूडमुक्कामी
ताई, वाईट वाटलं, पण सरांचं थोडं बरोबर होतं. संवादात बोली चालते, निवेदनात नको. आणि 'करुलालास'वर कन्नडची छाया आहेच. त्यात लाजण्यासारखं काय?

दुसरं_रेल्वे_गेट
अहो, ते वाक्य संवादच होतं! नीट वाचा तरी.

शहापूरची_माहेरवाशीण
धन्यवाद. मी तेच लिहायला आले होते.

तंबाखूची_वखार
कसली छाया? 'करू लागलास' झिजलं, 'करुलालास' झालं. अस्सल मराठी आहे ते. धारवाडकडच्या कन्नडात 'माडाकत्यान' म्हणतात, त्याचीही चाल 'करायला लागलाय' अशीच. शेजारी-शेजारी राहिल्यावर कोण कुणाची छाया?

आमचं नशीबच असलं. इथल्या कार्यालयात कन्नड येत नाही म्हणून ऐकून घ्यायचं, आणि पुण्यात उतरलं की रिक्षावाला विचारतो, "तुम्ही कुठले? मराठी चांगलं बोलता हो!" एक नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, काळ्या फिती बांधून फिरतो ते काय ह्यासाठी?

कोथरूडमुक्कामी
मी स्वतः टिळकवाडीतला आहे. पुण्याला येऊन अकरा वर्षं झाली. मला सीमाप्रश्न शिकवू नका.

तंबाखूची_वखार
अकरा वर्षांत छाया दिसायला लागली म्हणायची.

कोथरूडमुक्कामी
हे वैयक्तिक होतंय. व्युत्पत्ती मान्य. तुमचा सूर मान्य नाही.

उचगावकर_मास्तर
बाळांनो, मूळ प्रश्न लेखनाच्या एम.ए.चा होता. 'करुलालास'वर रात्री साडेअकराला भांडायचं कारण नाही. मी निवृत्त शिक्षक. कडोली, उचगाव, येळ्ळूर इथं संमेलनं भरतात, गावातली माणसं वर्गणी काढून भरवतात. १९४६ चं अखिल भारतीय संमेलन बेळगावातच झालं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथंच झाला. आपल्याला विद्यापीठाची गरज कधी पडली?

दुसरं_रेल्वे_गेट
मास्तर, संमेलनांबद्दल आदर आहे. त्यांच्यामुळं मराठी टिकलं, हेही खरं. पण मी तिथं कविता वाचलीय, म्हणून बोलतो. दुपारी जेवणं झाल्यावर कविसंमेलन, पंचवीस-तीस कवी, तीन-तीन मिनिटं. मांडवात निम्मे पेंगलेले. मग गुलाबाचं फूल, टाळ्या, फोटो. आजवर एकानं तरी म्हटलं का, "तुझं दुसरं कडवं काढून टाक, त्याशिवाय कविता बरी आहे"? मला सांत्वन नको होतं, मास्तर. तेवढं एक वाक्य हवं होतं. एम.ए.च्या त्या वर्गात तेच मिळतं, म्हणून माझा जीव तिकडं. दिलीप चित्रेंसारखा मुरलेला कवीही आयोवाच्या लेखक-कार्यक्रमाला जाऊन आलाच की.

उचगावकर_मास्तर
ते बोलावणं होतं, पदवी नव्हे. फरक करा. कडव्याचं मात्र… हं. आम्ही पोरं नाराज होतील म्हणून बोलत नाही, हे खरं आहे.

मिरचीभजी
वा, मास्तर पण फुटले.

बरं, ऐका. पदवीला माझा विरोध कायम. ज्या प्राध्यापकाला स्वतःची नोकरी टिकवायचीय त्यानं पोरांची जमीन विकायला लावू नये, एवढंच माझं म्हणणं. पण ते तोंड बंद ठेवून ऐकायचं प्रकरण मला आवडलं. त्याला फी कशाला? रविवारी चार वाजता माझ्या घरी या. अनगोळात, पत्ता निरोपातनं देतो. ज्याची कथा असेल त्यानं पाच प्रती काढून आठ दिवस आधी द्यायच्या. चहा, भजी माझ्याकडनं. पहिली कथा शहापूरच्या ताईंची, आज्जीची. आणि लाल पेन कुणी आणलं तर दारातनंच परत.

शहापूरची_माहेरवाशीण
वही माळ्यावर आहे, शोधते. येत्या रविवारी नाही, पुढच्या. आणि लाल पेन आणा हो, फक्त 'गा' सोडून कशावरही चालवा.

कोथरूडमुक्कामी
दिवाळीत आलो तर चालेल का? छायेसकट.

तंबाखूची_वखार
या. पण तुमची कथा पण आणा, नुसतं शुद्धलेखन नको.

दुसरं_रेल्वे_गेट
म्हणजे कधीतरी मिरचीभजींची कथा असेल, आणि ते तासभर तोंड बंद ठेवून बसतील? त्या दिवशी मी सुट्टी टाकून येतो.