ड्रमविना चालणारे, भुतांविषयीचे जुने न्यू वेव्ह गाणे

प्रश्न: जुन्या कॅसेट चाळताना १९८०च्या दशकातले एक न्यू वेव्ह (पंक रॉकनंतर आलेला पाश्चात्त्य पॉप-रॉकचा प्रकार) गाणे पुन्हा कानी पडले आणि मी अक्षरशः थबकलो. ड्रम अजिबात नाहीत. धातूवर नखाने ओरखडावे तसे सिंथेसायझरचे तुटक स्वर येतात आणि एक खोल, थरथरता आवाज आपल्या आयुष्यात शिरणाऱ्या भुतांविषयी गातो. कव्हर हरवले आहे. हे गाणे कोणाचे असावे?

उत्तर १: हे ‘जपान’ या ब्रिटिश बँडचे ‘घोस्ट्स’ असावे. ते १९८१च्या ‘टिन ड्रम’ अल्बममधले असून आवाज डेव्हिड सिल्व्हियन यांचा आहे. १९८२ मध्ये ते सिंगल म्हणून, म्हणजे अल्बमपासून वेगळे, निघाले आणि एवढे अनवट असूनही ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकावर पोहोचले, याचे मला आजही अप्रूप वाटते.

उत्तर २: वरील उत्तराशी मी सहमत आहे. मात्र यातली भुते वाड्यातली नव्हेत; सारे सुरळीत होत आहे असे वाटू लागताच मनात डोके वर काढणारी शंका, हेच त्यांचे रूप आहे. ठेका नसल्यामुळे पुढचा स्वर कधी येईल याचा अंदाज बांधता येत नाही, आणि माझ्या मते गाण्यातली खरी भीती त्या रिकाम्या जागांमध्येच आहे. हेडफोन लावून, दिवे मालवून ऐकावे.

प्रश्नकर्ता: हेच ते गाणे! काल रात्री सलग चार वेळा ऐकले. आपणा दोघांचे मनापासून आभार.