१८५६ च्या मॉर्मन हातगाड्या इतक्या का मोडायच्या?

प्रश्न: मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे लोक सामानाच्या हातगाड्या स्वतः ओढत पायी अमेरिकेच्या पश्चिमेला गेले. आयोवा सिटी ते सॉल्ट लेक सिटी सुमारे २,१०० किमी. माणशी सामान किती? गाड्या वाटेतच का मोडायच्या?

उत्तर १: मोठ्या माणसाला १७ पौंड, म्हणजे पावणेआठ किलो. कपडे, अंथरूण, भांडी, सगळं त्यातच! गाडी साधारण पाच जणांत एक, तंबू वीस जणांत.

उत्तर २: लाकूड ओलं, घाईत जोडलेलं. कोरड्या हवेत ते आकसलं की आरे खुळखुळतात, चाक डुगडुगतं. लाकडी आस वाळूने झिजायचा. वंगण म्हणून डुकराची चरबी नाहीतर साबण चोळायचे. चरबीला वाळू आणखीच चिकटते.

उत्तर ३: त्यात जेम्स विली या म्होरक्याच्या तुकडीने वाटेत फ्लॉरेन्सला (अमेरिकेतल्या नेब्रास्कातलं) दर गाडीवर ९८ पौंडांचं पिठाचं पोतं चढवलं. निघायलाच उशीर झालेला. ऑक्टोबरात वायोमिंगमध्ये बर्फाने गाठलं.